हरणांसाठी उंच गवताचा आडोसा: माळावर कुठे लावावा, कसा राखावा

आमच्या शिवारात हरणांचा आडोसा कोयत्याबरोबर जातो. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगराखाली ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, तसा ऊस पायथ्यापर्यंत चढला. ऊस म्हणजे तरी काय, उंच गवतच. अभयारण्याच्या कुंपणाबाहेर आलेली चितळं पावसाळाभर त्यात दिवस काढतात. मग टोळ्या येतात, फड पडतात, पाचट पेटतं आणि बघता बघता डोंगरापासून रस्त्यापर्यंत सगळं रान उघडं पडतं. त्यानंतर भर दुपारी जीव तोडून पळणारा कळप आणि त्यामागे चार कुत्री, हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय.

डोंगराला लागून आमची साडेतीन एकर मुरमाड पडीक जमीन आहे. सहा वर्षांपूर्वी मी तिथे गवत लावायला घेतलं. पहिली दोन वर्षं चुकण्यात गेली, तिसऱ्या वर्षी कळपाने तिथे दुपार काढली. ज्यांची जमीन डोंगरकडेला किंवा गायरानाला लागून आहे, मग ती कडेगाव-पलूसची असो, आटपाडीची असो की माण-खटावची, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

गवत नंतर, आधी जागा

पहिल्या वर्षी मी विहिरीच्या खालच्या अंगाला, शाळूच्या बांधाला लागून नेपियर लावलं. पाणी हाताशी होतं. गवत तीन महिन्यांत डोक्यावर गेलं आणि चितळंही आली. दिवसा माझ्या नेपियरमध्ये आणि रात्री शेजाऱ्यांच्या शाळूत. शेजारी रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. त्यांचं नुकसान मी भरून दिलं आणि उन्हाळ्यात ते नेपियर ठोंबासकट खणून काढलं.

तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की हरीण जिथे दिवस काढतं, तिथूनच ते दिवेलागणीला चरायला उठतं. म्हणून जागा ठरवताना स्वतःला एवढंच विचारायचं: इथून उठलेलं हरीण पहिलं तोंड कुठे घालेल? उत्तर गायरान किंवा डोंगर असेल तर जागा बरोबर. उत्तर कुणाचा हरभरा किंवा शाळू असेल तर तिथे गवताची एक काडीही लावू नका. मी आता पीक आणि आडोसा यांच्यात किमान ३०० फूट उघडी जमीन ठेवतो, आणि आडोशाची मोकळी बाजू नेहमी डोंगराकडे करतो.

घरापासूनही लांब राहायचं. सांगली-साताऱ्यात बिबट्या उसात राहायला शिकलाय, तो उंच गवतातही राहील. वस्ती, गोठा, शाळेला जाणारी पोरांची वाट, विहिरीची वाट यांच्याजवळ दाट गवत नको. घोणस आणि फुरसं हा दुसरा धोका. आमच्या आडोशापासून सर्वांत जवळचं घर पाव किलोमीटरवर आहे आणि त्याहून जवळ मी कुणालाच सुचवणार नाही.

जागा नक्की करण्याआधी एक हंगाम नुसतं बघा. सकाळी दव असताना ओघळीच्या वाळूत खुरांच्या खुणा उमटलेल्या दिसतात. लेंड्यांचे ढीग कुठे आहेत, कुंपण कुठे वाकलंय, कळप कोणत्या घळीतून उतरतो आणि कशाला बिचकून वळतो, हे वहीत लिहून ठेवा. कळपाची वाट सहसा बदलत नाही. आडोसा त्या वाटेच्या बाजूला हवा, वाटेवर नको.

आणि जनावर कोणतं तेही ओळखा. आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, पण सगळ्यांना एकच घर चालत नाही. चितळाला सावली, आडोसा आणि शेजारी चरायला मोकळी जागा अशी सरमिसळ आवडते. सांबर दाटीत, डोंगरउतारावर बसतं. काळवीट आणि चिंकारा ही तर कुरंगं, खरी हरणं नव्हेतच, त्यांचा भरवसा नजरेवर आणि पायांवर. मोठं काळवीट उघड्या माळावरच बसतं, उंच गवताच्या भिंती त्याला घातक वाटतात. गवत लागतं ते त्याच्या पाडसाला, कारण पहिले काही दिवस ते आईमागे पळत नाही, गवतात दडून पडून राहतं. म्हणून माण-खटाव, आटपाडीकडच्या काळवीट-चिंकाऱ्यांच्या माळावर सलग उंच पट्टे लावू नका. तिथे गुडघ्याएवढ्या देशी गवताचे विखुरलेले तुकडे पुरतात. शिवाय माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी खुरट्या गवतातच अंडी घालतात. सगळा माळ उंच करून टाकला तर एकाला जागा देताना दुसऱ्याची काढून घेतल्यासारखं होईल. याच कारणासाठी माळावर झाडंही खच्चून लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सागरेश्वरचा उजाड डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन हिरवा केला, १९८५ साली तिथे अभयारण्य झालं, आणि त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण डोंगर वेगळा आणि गवताळ माळ वेगळा.

मे महिन्यात उभं राहील तेच गवत

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही जण स्विचग्रासचं बी कुठे मिळेल असं विचारतात. तिकडे शिकारी लोक हरणांनी आपल्या रानात बसावं म्हणून ते लावतात. बर्फाच्या ओझ्याखालीही ते उभं राहतं ही त्याची खासियत, आणि ओल्या थंडीत काही आठवडे राहिल्याशिवाय त्याचं बरंचसं बी रुजत नाही. आपल्याकडे ती थंडी नाही, तो बर्फ नाही, आणि शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी गवत आपल्या माळावर आणून सोडायचं काहीच कारण नाही. आपली परीक्षा वेगळी आहे. आपलं गवत फेब्रुवारी ते जून, म्हणजे ऊस गेल्यापासून पाऊस लागेपर्यंत, वाळलं तरी ताठ उभं राहिलं पाहिजे.

या परीक्षेत सगळ्यात वर वाळा. पुरुषभर उंच होतो, मुळं सरळ खाली १० फुटांपर्यंत जातात, उन्हाळ्यातही बुडाशी हिरवा राहतो आणि वळवाच्या वाऱ्याने लोळत नाही. जनावरं कोवळा पाला सोडून फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून पडद्यासाठी याच्यासारखं गवत नाही. दक्षिणेकडच्या लागवडीच्या वाणाचं बी रुजत नाही, त्यामुळे तो शेतात पसरण्याची भीती नाही. वाढवायचा तो फुटव्यांपासूनच. पडद्यासाठी दुसरं गवत रोशा. त्याच्या उग्र वासामुळे गुरं टाळतात, कोरड्या उतारावर ते तग धरतं, पण वाळ्याइतकं दाट होत नाही. मी वाळ्याच्या मागे रोशाची एक ओळ ठेवलीय.

आतल्या बसायच्या जागेसाठी डोंगरी गवत आणि पवन्या. दोन्ही इथलीच, ठोंबाने वाढणारी, कमरेच्या आसपास जाणारी. ठोंबांच्या मधे थोडी मोकळी जमीन राहते, तिथे हरीण अंग टाकतं. गच्च, पाय शिरणार नाही अशा गवतात ते बसत नाही. कडेला चरण्यासाठी मारवेल लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल ०६-४०’ चांगला फुटतो, पण जमिनीत थोडी माती हवी. कुसळी मुद्दाम लावायची गरज नाही, ती आपोआप येते. मेंढपाळ शेजारी असतील तर तिचा जोर वाढू देऊ नका, कुसळं लोकरीत आणि कातड्यात घुसतात.

नेपियर या कामाला नको. पाणी मागतं, गोड असल्यामुळे खायला बोलावतं, आणि पाणी तोडलं की उन्हाळ्यात त्याचा आडोसाही राहत नाही.

आखणी

पडदा आणि बसायची जागा ही दोन वेगळी कामं आहेत. पडदा म्हणजे रस्ता, वाट, वस्ती यांच्याकडून येणारी नजर तोडणारी भिंत. तो लांब आणि अरुंद असतो. बसायची जागा त्याच्या मागे, किमान १००-१५० फूट आत, आणि ती तुकड्यातुकड्यांनी.

पडद्यासाठी वाळ्याच्या दोन ओळी, मधे ३ फूट अंतर, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या दोन रोपांच्या फटीसमोर. मागे ३ फुटांवर रोशाची तिसरी ओळ. ओळीत वाळ्याचं अंतर ६ इंच. याहून लांब लावला तर फटी भरायला वर्ष जास्त जातं. हिशोब असा: १०० फुटांच्या एका ओळीला २०० खड्डे, खड्ड्यात दोन-तीन फुटवे धरले तर ४०० ते ६०० फुटवे. आमचा पडदा ३०० फुटांचा आहे. एवढे फुटवे विकत घेणं परवडलं नसतं, म्हणून मी आधी वर्षभर विहिरीजवळ वाफ्यात ठोंब वाढवले. पाण्यावरच्या एका चांगल्या ठोंबातून वर्षाने वीस-पंचवीस फुटवे सहज निघतात. घाई नसेल तर हाच मार्ग धरा. पडद्यातून आत जायची वाट सरळ ठेवू नका, ती तिरकी किंवा नागमोडी घ्या. सरळ वाट ठेवली की रस्त्यावरून थेट आतलं दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आतले तुकडे साधारण ४० ते ६० फूट रुंद, वेडेवाकडे, मधे १५-२० फुटांच्या खुरट्या गवताच्या मोकळ्या पट्ट्या. हरीण बसतं ते पाठीला आडोसा आणि समोर पळायला वाट बघूनच. उतारावर जिथे नैसर्गिक टप्पा आहे, जुना ताल (मातीचा बांध) आहे, एखादी बोर किंवा हिवराचं झाड आहे, तिथे तुकडा आखा. दुपारी सावली मिळाली तर कळप तिथेच रवंथ करत बसतो. वाऱ्याचाही विचार करा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून असतो, हिवाळ्यात बहुधा पूर्वेकडून. वस्तीचा, कुत्र्यांचा वास कायम वाऱ्याबरोबर येणारी जागा हरीण सोडून देतं, गवत कितीही चांगलं असलं तरी.

एप्रिल-मे: रान तयार करणं

घाणेरी, गाजर गवत आणि वेडी बाभूळ मुळासकट काढा. गाजर गवत फुलायच्या आधी, हातात मोजे घालून. नांगरट करू नका. मुरमाड उतारावर नांगर घातला तर पहिल्याच वळवात माती ओघळीला लागते. उताराला आडव्या, समपातळीत ओळी आखायच्या आणि तेवढ्याच रेषेत टिकावाने वीतभर खोल चरी काढायच्या. पातळी काढायला तीन बांबूंची ए-फ्रेम आणि ओळंबा पुरतो. सलग समतल चरांची कामं केलेला माणूस गावात असेलच, त्याला अर्धा दिवस बरोबर घ्या. चरीतली माती खालच्या बाजूला टाका, म्हणजे पाणी अडेल. कुजलेलं शेणखत खड्ड्यापुरतं, मूठभर. युरिया टाकलात तर गवताआधी तण उठतं.

जमीन वनखात्याची किंवा गायरान असेल तर लेखी परवानगीशिवाय टिकाव मारू नका. अभयारण्याच्या हद्दीत तर खासगी माणसाने काहीच करायचं नाही.

लावणी

मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात. थांबा. सातारा-सांगलीचा पूर्व भाग पर्जन्यछायेत, जूनमध्ये दोन सरी देऊन तीन आठवडे उघडीप हे नेहमीचंच. जमिनीत हातभर ओल उतरली का ते खणून बघा, मगच लावा. आमच्याकडे ही वेळ बहुधा जुलैत येते. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, मात्र सप्टेंबरात भरायच्या, कारण खरा भरवशाचा पाऊस आपल्याला परतीचाच.

ठोंब सकाळी खणा, त्याच दिवशी लावा. पाला ७-८ इंचांवर छाटा, मुळं ३-४ इंच ठेवा, फुटवे हाताने वेगळे करा, वाळलेले फेकून द्या. शेण-मातीच्या पातळ काल्यात मुळं बुडवून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. दुसऱ्या वर्षी एका रोपवाटिकेतून आणलेले फुटवे टेम्पोत उघड्यावर उन्हात आले आणि निम्मे मेले. तेव्हापासून गाडी भरताना मी स्वतः हजर राहतो. रोप लावलं की भोवतीची माती पायाने घट्ट दाबा. मुळाशी हवा राहिली की फुटवा वाळतो. ओढून बघावं, हातात आला तर लावणी कच्ची.

डोंगरी आणि पवन्या बियांवर येतात, पण इथे धीर लागतो. ताजं बी रुजत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकलेलं बी स्वतः माळावरून गोळा करायचं, सावलीत वाळवायचं आणि कापडी पिशवीत पुढच्या पावसापर्यंत ठेवायचं. तेवढ्या महिन्यांत त्याची झोप मोडते. एकरी दोन-अडीच किलो बी धरा. ते हलकं आणि केसाळ असतं, वाऱ्यावर उडतं, मुंग्या नेतात. म्हणून माती आणि चाळलेल्या शेणखतात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा आणि ओल्या जमिनीवर टाका. वर माती जेमतेम अर्धा इंच. खोल पुरलेलं बी वर येत नाही. काही तुकडे बियांवर आणि काही ठोंबांवर केलेत तर एक फसलं तरी दुसरं हाती लागतं.

पहिलं वर्ष

पहिल्या दिवाळीला रान बघून मन खट्टू होतं. गुडघ्याएवढे चार ठोंब आणि मधे तण. असंच असतं. पहिलं वर्ष गवत मुळांत घालवतं. दुसऱ्या वर्षी ठोंब फुगतात, तिसऱ्या पावसाळ्यानंतर पडदा बंद होतो. या काळात दोनदा खुरपणी करा. खुरपायला माणूस मिळत नसेल तर गवताच्या शेंड्यावरचं तण विळ्याने छाटा, म्हणजे ऊन खाली पोहोचतं. मक्या-उसाला चालणारी तणनाशकं कोवळ्या देशी गवताला सोसतीलच असं नाही. मी ती वापरत नाही.

सर्वांत मोठं काम चराईबंदीचं. तारेचं कुंपण घालून कळपाची वाट अडवायची नाही, म्हणून माणसांशीच बोलावं लागतं. आमच्याकडे दरवर्षी एक धनगर कुटुंब मेंढरं बसवायला येतं. त्यांच्या म्हाताऱ्या आबांना मी नुसतं रान दाखवलं आणि सांगितलं, “आबा, दोन वर्षं एवढं सोडा, तिसऱ्या वर्षी कापलेल्या गवतातले दहा भारे तुमचे.” त्यांनी दुसऱ्या मेंढपाळांनाही परस्पर सांगितलं. वनखात्याच्या फलकाने जे झालं नसतं ते त्या एका शब्दाने झालं. भारे मात्र ठरल्याप्रमाणे पोहोचते करा.

कापणी आणि वणवा

तिसऱ्या वर्षापासून कापा, पण कधीही एकदम सगळं नाही. रानाचे तीन भाग पाडा आणि दरवर्षी एकच कापा, तोही नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, बी थोडं गळल्यावर. वीतभर बुडखा ठेवा. उरलेले दोन भाग उन्हाळ्यात उभे राहतात, आणि आडोसा लागतो तो तेव्हाच. अजिबात न कापता सोडलंत तर जुनं गवत साचतं, ठोंब आतून मरतो आणि वणव्याला खाद्य होतं. कापणी एका टोकाकडून सुरू करून डोंगराच्या दिशेने सरका, म्हणजे आत काही असेल तर त्याला बाहेर पडायला वाट राहते. चौफेर वेढून कापू नये. आधी काठीने गवत हलवत एक फेरी मारा.

वणव्याबद्दल जरा कडक बोलतो. माळ पेटवला की गवत जोमाने येतं ही समजूत आपल्याकडे खोल रुजलीय. जळलेल्या माळावर कोवळं लवकर दिसतं हे खरं, पण पवन्यासारखी चांगली गवतं दरवर्षीच्या आगीने मागे हटतात, पडलेलं बी जळतं, जमीन उघडी पडते आणि दडलेलं पाडस हलतच नाही, तिथेच भाजून जातं. डिसेंबर संपायच्या आत रानाभोवती १५ फूट रुंदीचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी उघडी पट्टी, खरवडून साफ करा, आतल्या तुकड्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याही कापून ठेवा. रस्त्याकडेची बाजू सगळ्यात आधी, कारण विडी-सिगारेटचं थोटूक तिथूनच येतं. शेजारी पाचट पेटवणार असतील तर दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी पाण्याचा टँकर नाही तरी ओल्या पोत्यांसह चार माणसं बांधावर हवीत.

पाणी, कुत्री, पाडस

पाणवठा करायचा तर आडोशाच्या वर, डोंगराच्या बाजूला. काठ बशीसारखा उतरता हवा, उभ्या भिंतीच्या टाकीत पाडसं बुडतात. पेंड, मीठ, भाजीपाला असलं काहीही ठेवू नका. त्याने जनावरं माणसाला सरावतात आणि एका जागी गर्दी झाली की रोग पसरतात.

मोकाट कुत्र्यांना गवताचा पडदा अडवत नाही, ती वासावर येतात. शिळं अन्न, मेलेली कोंबडी माळाकडेला टाकणं बंद झालं तर कुत्र्यांचा वावर कमी होतो, हे आमच्या वाडीत आम्ही करून पाहिलंय.

गवतात एकटं पाडस दिसलं तर ते टाकलेलं नसतं. आई जवळच चरत असते. हात लावू नका, फोटोसाठीही थांबू नका, घरी तर मुळीच आणू नका. ते जखमी असेल किंवा कुत्र्यांनी धरलं असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिकाचं नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. तारेत वीज सोडणं किंवा फासे लावणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मेलीत.

काम झालं हे कसं कळतं

सकाळी उशिरा, कळप बाहेर असताना, वर्षातून दोनदाच आत जा. ठोंबांच्या मधे परातीएवढं लांबट गोल गवत दबलेलं, कडेला लेंड्या, कधी काडीला अडकलेले तांबूस केस. एका ठिकाणी तीन-चार खुणा जवळजवळ आणि तोंडं वेगवेगळ्या दिशांना, म्हणजे कळप तिथे निवांत बसला होता. खुणा फक्त कडेला असतील तर आतलं गवत फार गच्च झालंय, पुढच्या डिसेंबरात तिथे आणखी एक मोकळी पट्टी काढा. खुणाच नसतील तर आधी पडद्यातली फट शोधा. दुपारी चार वाजता एका माणसाला बसायच्या जागी खाली बसवा आणि स्वतः रस्त्यावरून चालत जा. त्याचं डोकं दिसलं तिथे खुंटी ठोका. सप्टेंबरात पहिले फुटवे त्या खुंटीपाशी लावायचे.